पायलसाठी चटईएवढी जागा

९ ऑक्टोबर २००५

माझी नात पायल आज चार महिन्यांची झाली. अंगणवाडीच्या इंदुताई येऊन भिंतीला चित्रांचा तक्ता लावून गेल्या. लेकराने कोणत्या महिन्यात काय करायला पाहिजे ते त्यात दाखवलं आहे. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, रांगणं, मोठ्यांची नक्कल करणं, एखादा शब्द बोलणं. प्रत्येक चित्राखाली बारीक अक्षरं आहेत, ती मला नीट दिसत नाहीत. चित्रं दिसतात.

सोबत ही वही दिली. ताई ती ममताला, माझ्या सुनेला देत होत्या. ती दहावी शिकलेली, मी चौथी. पण ती म्हणाली, "मले टाईम कुठी हाये ताई? मामाजीले द्या. दिवसभर त्यायचा जीव टांगणीलेच राह्यते, थो काही कामी तरी येईन."

ताई हसल्या. "डोमाजीबाबा, जे दिसंन थे लिहा. तारीख टाका. चांगलं लिहा, वंगाळ बी लिहा. लपवसान त मंग आमाले लेकराचं काय समजंन?"

म्हणून सगळं लिहिणार आहे. मान धरते, तिथे खूण केली. हसणं आधीच यायला पाहिजे होतं. माझ्याकडे पाहून हसत नाही. ममता एकटी असली की हसते, ते मी दाराआडून पाहिलं. मी आत गेलो की बंद. काय कमी आहे पोरीत कोणास ठाऊक.

१५ ऑक्टोबर

भाकर करपली म्हणून रोशनने ताट भिरकावलं. ते ममताच्या कपाळाला लागलं. मग त्याने तिला केस धरून चुलीपासून दारापर्यंत ओढत आणलं. माझा मुलगा वाईट नाही. दिवसभर पाठीवर फवारणीचा पंप घेऊन डोकं तापतं. भांड्याला भांडं लागतंच. मी बैलांना पाणी दाखवायला गेलो.

पायल जवळच पोत्यावर पडली होती. रडली नाही. शहाणी आहे.

६ नोव्हेंबर

कापसाचा पहिला वेचा घरी आला. फुलसावंगीत घरोघर हेच चाललं आहे, कापूस घरात आणि माणसं दारात. सरकारी खरेदी केंद्रावर यंदा भाव पाडला आहे. रोशन म्हणाला, "बाबा, इकून टाकू. घरात ठेवला त वजन घटते न उंदीर खाते." मी म्हटलं, थांब. एका साली मी घाई केली आणि पंधरा दिवसांत भाव चढला, ते अजून सलतं. कापूस विकायला कधी काढायचा ते घरातल्या मोठ्या माणसाने ठरवायचं, ही आमच्याकडची रीत.

रोशन मला उलटून बोलत नाही. एवढा संस्कार आहे. तो मुकाट्याने आत गेला. थोड्या वेळाने आतून ममताचा आवाज आला.

बैलांना पाणी दाखवून आलो.

२१ नोव्हेंबर

दुसरा वेचा. पुढची खोली छातीएवढी भरली. मागच्या खोलीतही चूल तेवढी सोडून टाकला. आम्ही कापसावरच निजतो. सगळ्यांना खाज. पायलची झोळी आढ्याला बांधली आहे. ममता शेतात गेली की मी दोरी ओढत बसतो. दिवसभर पोरगी झोळीतच असते. बरंच आहे, खाली उंदीर फिरतात.

२८ नोव्हेंबर

गावातली एक पिवळी कुत्री मागच्या दाराने शिरून कापसात व्याली. चार पिल्लं. आम्हाला दोन दिवस कळलंच नाही. आज रोशनला दिसली. त्याने बैलगाडीची उभारी, बाजूचा जाड दांडा, काढून आणली. कुत्री पिल्लांवरून हलली नाही, तिथेच मेली. पिल्लांना त्याने एकेक करून दगडी उंबरठ्यावर आपटलं. ममता "नोका हो, नोका" म्हणत मध्ये गेली, तर तिच्या खांद्यावर उभारीचा एक फटका बसला.

नंतर म्हणाला, "रगताचा कापूस इकाले जमते काय? निवड सारा." ती अंधार पडेपर्यंत लाल झालेला कापूस वेगळा काढत बसली होती.

पायलची झोळी वरच होती. झोळीच्या कडेवरून तिचे दोन डोळे दिसत होते. ती रडली नाही. ती का रडत नाही, हे आता मला खटकू लागलं आहे.

९ डिसेंबर

सहा महिने. पालथी पडत नाही. आवाज काढत नाही. शेजारच्या इंदूरकरांचा नातू हिच्याहून वीस दिवसांनी लहान, तो गरगर वळतो आणि "बा बा बा" करतो. मी तक्त्यासमोर उभा राहून पुन्हा पुन्हा चित्रं मोजली.

इंदुताई आल्या. घर पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बाबा, पोट्टी पालथी पडंन कुठी? हवेत? तिले रोज पोटावर पालथं ठेवा. समोर बसून बोला, गाणं म्हणा, वाटी-चमचा वाजवा, हाती खुळखुळा द्या. झोळीत हातपाय चालत नाहीत."

त्या गेल्यावर ममता म्हणाली, "मामाजी, एका चटईएवढी जागा करून द्या. फक्त एक चटई. मी सारवून घेतो."

मी म्हटलं, चटईएवढी जागा म्हणजे दोन क्विंटल कापूस. तो ठेवू कुठे? महिनाभर थांब.

११ डिसेंबर

पोरीचे कान बिघडले असावेत. आज खात्री केली. रोशन घरी नव्हता. झोळीच्या मागे उभं राहून जोराने ताट वाजवलं. तिने मान वळवली नाही. मुठी घट्ट आवळल्या, श्वास धरला आणि दाराकडे पाहत राहिली. आवाज मागून, आणि ही पाहते दाराकडे. तीनदा वाजवलं. तीनदा दाराकडेच.

१४ डिसेंबर

ममताला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण बाई तरुण आहेत. त्यांनी डोक्यामागे घंटी हलवली, पायल लगेच वळली. "कान उत्तम आहेत, आजोबा. घरात भांडणं होतात का?"

मी म्हटलं, नाही.

डॉक्टरीण बाईंनी ममताकडे पाहिलं. तिने डोक्यावरचा पदर कपाळावर आणखी ओढला. बाई म्हणाल्या, "तिला जमिनीवर सोडा. तिच्याशी बोला. लेकरू घाबरलेलं असलं की काही नवीन करत नाही, नुसतं बघत राहतं."

ती कशाला घाबरेल? घरात तिला कोणी बोटही लावलेलं नाही. शहरच्या बाया आहेत, त्यांना काय कळणार. औषध दिलं नाही, याचीच काळजी वाटते.

२६ डिसेंबर

ताईंनी सगळं लिहा म्हटलं आहे, म्हणून लिहितो.

सकाळी तक्ता पाहत होतो. चित्रातलं लेकरू पोटावर पालथं आहे, खाली पांढरं काहीतरी अंथरलं आहे. मला वाटलं, जमीन नाही तर नाही, कापूस आहे. त्याहून मऊ आणि पांढरं काय असतं? ममता शेतात होती. मी पायलला झोळीतून काढलं आणि ढिगावर पालथं ठेवलं. समोर बसून वाटी वाजवली. तिने मान उचलली. मला फार आनंद झाला.

तेवढ्यात बाहेर व्यापाऱ्याची गाडी थांबली. भाव काय म्हणतो ते विचारायला गेलो. एवढंच. भाव विचारला, तो हसला, मी रागावलो, परत आलो. ढिगावर पायल नव्हती. नुसते दोन तळवे दिसत होते.

ओढून काढलं तर तोंड काळंनिळं. नाकात कापूस, तोंडात कापूस. मी ओरडलो. ममता शेतातून येऊन भाऱ्यासकट दारात होती. भारा टाकून तिने पोरीला हिसकावलं, तोंडात बोट घालून कापसाचा बोळा बाहेर काढला, पालथं धरून पाठीत थापट्या मारल्या. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग पायल रडली. एवढ्या मोठ्याने ती कधीच रडली नव्हती. ते रडणं ऐकून रोशन गोठ्याकडून धावत आला.

"कोणं ठेवली तिले कापसावर?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही.

ममताने माझ्याकडे पाहिलं. तिने माझं नाव घेतलं नाही.

रोशनने दारातल्या पऱ्हाटीच्या, वाळल्या कपाशीच्या, मोळीतून जाड काड्या उपसल्या. एक मोडली की दुसरी. ममता पोरीला पोटाशी घेऊन खाली बसली. मग पोरगी बाजूला ठेवून तिने दोन्ही हात डोक्यावर धरले. माझी बायको मथुरा अशीच बसायची. काड्या संपल्यावर त्याने उभारी घेतली, तसा मी गोठ्याकडे गेलो. हात मोडल्याचा आवाज मला गोठ्यात ऐकू आला. ओल्या फांदीसारखा नव्हता. वाळल्या फांदीसारखा होता.

बैलांना पाणी दाखवलं. ते प्याले नाहीत.

२७ डिसेंबर

ममताच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. गावातल्या हाड बसवणाऱ्या शकुबाईने विचारलं, "पडली काय वं?" ममता म्हणाली, "हो, कापसावर पडली." शकुबाई हसली नाही.

मी ममताला म्हटलं, "तू काहून सांगितलं नाही, मामाजीनं ठेवली म्हणून?"

"मी सांगून काय झालं असतं? मले तुमच्या तोंडून ऐकाचं होतं."

मी म्हटलं, मला बैलांकडे जावं लागलं.

तिने पाणी प्यायला घेतलेला गडू खाली ठेवला. "मामाजी, तुमच्या बैलायले लय तहान लागते."

९ जानेवारी २००६

सात महिने. काही नाही. खूण नाही.

रोशनही उशिरा बोलला होता, तीन वर्षांचा झाल्यावर. मथुरा म्हणायची, हे लेकरू घरातलं वारं ओळखते. तिची डाव्या हाताची करंगळी वाकडीच राहिली. कापणीच्या वेळी विळा लागला, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. हे इथे का लिहिलं माहीत नाही. पायलशी त्याचा संबंध नाही.

९ फेब्रुवारी

आठ महिने.

रोशन बाहेर गेलेला पाहून ममताने सकाळी एका हाताने कापूस ढकलायला सुरुवात केली. एक हात अजून गळ्यात बांधलेला. गुडघ्याने ढकलला, पाठीने ढकलला. दुपारपर्यंत दाराजवळ एका चटईएवढी जमीन उघडी झाली. तिने ती शेणाने सारवली, सुकू दिली आणि पायलला बसवलं. मागे पोतं टेकवलं. पायलने दोन्ही तळवे जमिनीला लावले, उचलले, पुन्हा लावले. जमीन काय असते ते तिला माहीतच नव्हतं. मग तिने तळहाताने जमिनीवर थापट्या मारल्या आणि तोंडातून "ब्ब" असा आवाज काढला.

ममता मला म्हणाली, "पाहा नं मामाजी! बोलली!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी हसून बोलली.

मी तक्त्यावर खूण करायला उठलो, तोच रोशन आला. ढकललेला कापूस मागच्या दारातून बाहेर सांडला होता आणि त्यावर डुकरं लोळत होती.

सगळं लिहितो. त्याने ममताला सारवलेल्या जागेतच लाथांनी तुडवलं. बांधलेला हात धरून ओढलं. तिचं डोकं उंबरठ्यावर आपटलं, ज्याच्यावर पिल्लं आपटली होती त्याच उंबरठ्यावर. पायल तिथेच बसलेली. तिच्या तोंडावर रक्त उडालं. ती रडली नाही. तिने मुठी आवळल्या आणि श्वास धरला.

मी गोठ्याकडे निघालो होतो. दारापर्यंत गेलो होतो. मागे वळून पाहिलं तर पायल दाराकडेच पाहत होती, आणि मला ताट आठवलं. मी ताट वाजवलं तेव्हा ती अशीच दाराकडे पाहत होती.

मी परत येऊन रोशनला मागून धरलं. म्हातारपणाचं बळ ते किती? त्याने कोपर मारलं, माझे पुढचे दोन दात पडले. पण तेवढ्यात ममता उठली. पोरीला बगलेत घेतलं आणि अनवाणी रस्त्यावर गेली. इंदुताईंच्या घरी शिरताना मी पाहिलं.

१० फेब्रुवारी

ममताचा भाऊ राजदीप जीप घेऊन आला आणि दोघींना ढाणकीला, तिच्या माहेरी, घेऊन गेला. माझ्याकडे पाहून फक्त जयभीम केला. रोशन घरात दार लावून बसला होता. तो रडत होता. हे त्याच्या बाजूने लिहितो.

११ मार्च

कापूस विकला. भाव चढला नाही. पुढची खोली रिकामी, मागची रिकामी. घरात चालताना माझ्याच पावलांचा आवाज येतो. इतकी जमीन आहे आमच्या घरात, हे मी विसरून गेलो होतो. पायल असती तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली असती.

५ एप्रिल

ममताने उमरखेडला पोलिसांत अर्ज दिला. रोशनने उलट अर्ज लिहून घेतला. मला वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे की त्याने बायकोवर कधी हात उचलला नाही, आणि तिनेच डिसेंबरात लेकराला कापसात दाबून मारायचा घाट घातला. म्हणून मुलगी बापाकडे द्यावी.

"तुम्ही घरीच होते त्या दिवशी. तुम्ही फक्त हो म्हणाचं बाबा. माई लेक माया घरी येईन."

मी म्हटलं, "पण रोशन, तिनं नव्हतं ठेवलं."

"मंग कोणं ठेवलं?"

या वेळीही आवाज आला नाही.

तो म्हणाला, "ढाणकीले जा. गोडीनं येते का पाहा. नाही त १७ तारखेले, सोमवारी, साक्ष द्याची हाये तुम्हाले."

१६ एप्रिल, ढाणकी

राजदीपच्या ओसरीवर बसून लिहितो आहे. जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीत लावलेल्या आहेत. राजदीपने मला बसायला सांगितलं नाही. ममतानेच पाणी दिलं. तिचा उजवा हात कोपराखाली वाकडा जुळला आहे. गडू डाव्या हाताने दिला.

अंगण मोठं आहे, सारवलेलं. पायल अंगणात रांगत होती.

रांगत होती. मी तिला पाहतच राहिलो. गुडघे घासत कोंबडीच्या मागे जात होती, कोंबडी उडाली की "ब्ब ब्ब" करून ओरडत होती आणि हसत होती. अनोळखी बाया अंगणात आहेत तरी हसत होती. पोरीत काहीच कमी नव्हतं.

मी हाक मारली. ती थांबली. मी उठून जवळ गेलो, तिच्या डोक्यावरून हात फिरवावा म्हणून हात उचलला. तिने पटकन दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तशीच बसून राहिली. आवाज नाही. श्वास धरलेला.

अंगणातल्या बाया माझ्याकडे पाहू लागल्या.

ममता आली नाही, तिने तिला उचललंही नाही. ओसरीवरून म्हणाली, "मामाजी, तक्त्यात हाये नं, मोठ्यायची नक्कल करते म्हणून? केली पाहा तिनं. वही आणली काय? लिहा."

मी हात खाली घेतला. कुठे ठेवावा ते कळेना. जमिनीवर ठेवला, उताणा. तसाच बसलो. बऱ्याच वेळाने पायलने एक हात डोक्यावरून काढला. दुसरा काढला नाही.

राजदीप म्हणाला, "कायले आले तुम्ही? न्याले आले काय तिले?"

मी खरं सांगितलं, "न्याले पाठवलं मले."

"आन् उद्या सोमवारी काय सांगसान तिथी?"

मी वही काढली. ममता ढाणकीला आली त्या दिवसापासून मी ती कपाटात लपवून ठेवत होतो, रोशनच्या हाती लागू नये म्हणून. तिच्यात सगळ्या तारखा आहेत. ताईंनी वंगाळही लिहा म्हटलं होतं, मी लिहिलं. ते कशाचं लिहितो आहे हे मात्र मला समजत नव्हतं. मला वाटत होतं, मी पायलच्या कानांचं लिहितो आहे.

आता हे लिहून सही करतो.

पायल रांगते. आवाज काढते. हसते. नक्कल करते, आईची करते.

२६ डिसेंबरला तिला कापसावर मी ठेवलं, डोमाजीने. ममता शेतात होती. तिने पोरीला वाचवलं. मी गप्प राहिलो म्हणून ममताचा हात मोडला.

मथुराच्या करंगळीला विळा लागला नव्हता. उभारी लागली होती. तेव्हा ती माझ्या हातात होती. रोशन तेव्हा दीड वर्षाचा होता, समोर बसलेला. रडला नव्हता.

वही ममताकडे देतो आहे. पुढची पानं कोरी आहेत. उभं राहणं, चालणं, पहिला शब्द तिने लिहावा. तिचं अक्षरही चांगलं आहे. उद्या, सोमवारी, मी उमरखेडला येईन आणि हेच तोंडाने सांगेन. या वेळी आवाज येईल असं वाटतं, पण म्हणूनच आधी लिहून ठेवलं.

ममता म्हणते, आज घरी जाऊ नका, रोशन जिवंत ठेवणार नाही तुम्हाला. राजदीपही म्हणाला, राहा. पण रोशन विचारेल, आणि त्याला मीच सांगायला पाहिजे, त्याच्यासमोर उभा राहून.

बैलांना आजचं पाणी सकाळीच दाखवून आलो आहे.

डोमाजी